उजवीकडे कोणीतरी हवं

शेवंताचं दुसरं लग्न झालं ते २०३९ साली. ही रंगनाथ लोंढ्यांची धाकटी मुलगी. पहिला नवरा अपघातात गेला, त्यानंतर सहा वर्षं ती बापाकडेच होती. मग सिन्नरचं स्थळ आलं, माणसं बरी निघाली, आणि शाळेच्या मैदानात साठ माणसांच्या मंडपात कार्य उरकायचं ठरलं. नवरदेवाला फेटा बांधायला हिरामण गांगुर्डे होता. हिरामण म्हणजे रंगनाथचा लहानपणापासूनचा जोडीदार. वाडीत कोणाच्याही डोक्याला फेटा चढायचा तो त्याच्याच हातून. शेवटचा वेढा राहिला होता. हिरामणचा उजवा हात नवरदेवाच्या कानाजवळ थांबला आणि तिथून हळूहळू खाली आला.

सगळे हसले. हिरामणला थट्टेची सवय होती. "काय रे, मानपान झाल्याशिवाय पुढं बांधत नाहीस काय?" असं रंगनाथच म्हणाला. हिरामणही हसला, पण तोंडाच्या एकाच बाजूने. नवरदेवाने उरलेला वेढा स्वतःच खोचून घेतला. अक्षता झाल्या, फोटो झाले. अर्ध्या तासाने हिरामणच्या बायकोच्या, चंद्रभागेच्या, लक्षात आलं की नवऱ्याची चप्पल पायातून निसटून मागे राहिली आहे आणि त्याला ते कळलेलंच नाही.

तो अर्धा तास रंगनाथच्या मनातून पुढे कधी गेला नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, लकवा आहे, लवकर आणला असता तर हात वाचला असता. बोलणं आठ महिन्यांत बरंचसं परत आलं. पाय ओढत का होईना, हिरामण चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, गादीवर ठेवला तर गादीवर पडून राहायचा.

रंगनाथ गोल्फ शिकवायचा. नाशिकजवळ टेकडीच्या पायथ्याशी जुनं मैदान आहे, तिथे तो आणि हिरामण नऊ वर्षांचे असताना कॅडी म्हणून लागले होते. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे चालणारा. हिरामण पुढे गवत कापण्याच्या यंत्रावर गेला. रंगनाथ बघून बघून खेळायला शिकला आणि तिशीत शिकवायला लागला. त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, आणि ती म्हणजे मागचा हात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा.

गोल्फचा फटका लांबून सोपा दिसतो. क्लब मागे नेताना उजवा हात कोपरात दुमडतो. खाली येताना तो लगेच सरळ करायचा नसतो. कोपर बरगडीला लागून यायचं, मनगट मागे वाकलेलंच ठेवायचं, आणि अगदी चेंडूपाशी आल्यावर हात आपोआप लांब होऊ द्यायचा. मैदानावर याला 'सोड' म्हणतात. शंभरातले नव्वद लोक वरूनच हात फेकतात. सगळा जोर चेंडूच्या आधीच खर्च होतो आणि चेंडूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. रंगनाथ त्यांच्या काखेत रुमाल धरायला लावायचा. रुमाल आधीच पडला की फटका चुकला. तळ्याकाठी नेऊन पाण्यावरून चपटे दगड उडवायला लावायचा, कारण तिथे मोठमोठ्या साहेबांचाही हात बरोबर सुटतो. आणि सकाळी साडेसहापासून तो एकच वाक्य म्हणायचा, "कोपर खिशाकडं. मनगट तसंच. आता सोड."

तीस वर्षं तो हे म्हणत होता. लोक ऐकायचे, मान हलवायचे, आणि वरूनच हात फेकायचे.

२०४१ च्या जानेवारीत मृणाल धोत्रे नावाची बाई पुण्याहून आली. चाळिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दोन सकाळी ती सरावाच्या जागेवर नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणता?"

"मोजलं नाही. मोजलं असतं तर सोडून दिलं असतं."

तिने पिशवीतून एक राखाडी बाही काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत येणारी, क्रिकेटवाले घालतात तशी. आतून मात्र तिला मोहरीएवढे दोन-अडीचशे ठिपके होते.

"हात हलण्याच्या आधी स्नायूत बारीक वीज येते. कोणता स्नायू कधी जागा झाला, कधी झोपला, ते ही बाही लिहून घेते. हृदयाचा आलेख काढतात ना, तसाच हा स्नायूंचा. आम्ही त्याला स्नायूलेख म्हणतो. मग तीच बाही दुसऱ्याच्या हातात घालायची. तो क्लब फिरवायला लागला की ती त्याच्या स्नायूंना त्याच क्रमाने उठवते, त्याच्या किंचित आधी. तीन आठवड्यांत मेंदूला वाटायला लागतं, हे आपलंच आहे. मग बाही काढली तरी चालतं."

"म्हणजे माझा हात त्याच्या हातात जाणार."

"हाताची सवय जाणार. हात तुमच्याकडेच राहील."

"आणि मी काय करू?"

"खुर्चीवर बसा," मृणाल म्हणाली.

रंगनाथला राग यायला हवा होता. पण त्याला खुर्चीचीच कल्पना आवडली. गुडघे गेले होते. थंडीत छातीत शिट्टी वाजायची. त्याने फक्त एवढं विचारलं, "हे गोल्फसाठीच काढलं का तुम्ही?"

मृणालने बाहीची घडी केली. "नाही. लकव्यासाठी. माझ्या वडिलांचा हात गेला होता, तेव्हा सुरू केलं. पण रोग्यावर वापरायचं तर परवानग्या लागतात, त्यात वर्षं जातात. खेळाला कोणी विचारत नाही. कंपनी म्हणाली, आधी गोल्फ."

"वडील?"

"गेले मधे."

मग रंगनाथने उजव्या हाताची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

लेख घ्यायचा होता तो मैदानाच्या कचेरीमागच्या लांबट खोलीत. आजूबाजूला कोणी नको, म्हणजे लेख स्वच्छ येतो, असं मृणालचं म्हणणं. रंगनाथने चाळीस चेंडू मारले. चाळीसच्या चाळीस लाकडासारखे गेले. त्याने क्लब बदलला, जोडे काढून मारून पाहिलं. शेवटी भिंतीला टेकून तो म्हणाला, "उजवीकडं कोणीतरी हवं."

"कशाला?"

"ते मला ठाऊक नाही बाई. बाहेर शिकणारा असतो उजवीकडं. मोकळ्या जागेत हात सुटत नाही."

मृणालने विचार केला. बसलेल्या माणसाने लेखात काय बिघडणार? रंगनाथने हिरामणला बोलावून घेतलं. तो काठी टेकत आला, उजवीकडच्या स्टुलावर बसला, पडलेला हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, आणि पहिल्याच फटक्याला म्हणाला, "रंग्या, म्हातारा झालास. तुझ्यापेक्षा माझा पडलेला बरा."

"तू गप बस. मशीन तुझं पण लिहून घेईल."

"घेऊ दे की. तेवढंच साहेब लोक शिव्या शिकतील."

पुढचे दोनशे बारा फटके असे सुटले की मृणाल यंत्राकडे बघायचं विसरली.

बाही मार्चमध्ये मैदानावर आली. सकाळी रांगेने वीस-पंचवीस माणसं उभी असायची, प्रत्येकाच्या उजव्या हाताला राखाडी बाही, आणि प्रत्येकाचं कोपर बरगडीला लागून खाली यायचं. आवाजच बदलला. पूर्वी ठक-ठक यायचा, आता चाबूक ओढल्यासारखा यायला लागला. रंगनाथ शिसवीच्या झाडाखाली खुर्चीवर बसायचा. लोक जाता-येता नमस्कार करायचे. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवायला लागली: पंचवीस अनोळखी माणसं त्याच्यासारखं खांदा हलवत होती आणि त्यातलं कोणी त्याला फारसं ओळखत नव्हतं. तरी खुर्ची सोडावीशी वाटली नाही. तो दमलेला होता.

सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायाधीश सामंतांच्या हातून क्लब उडाला. फटका सुंदर लागला, चेंडू दूर गेला, आणि त्याच क्षणी साहेबांचा उजवा हात उघडून बाजूला गेला. क्लब चहाच्या टपरीच्या काचेवर आदळला. कोणाला लागलं नाही. सामंत स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. "मी सोडला नाही," ते म्हणाले. "कोणीतरी माझ्याकडून घेतल्यासारखं वाटलं."

मग एकेकाचं कळायला लागलं. एका बँकवाल्याचा चहाचा कप घरात उजवीकडे पुढे जायचा, तिथे कोणी नसलं तरी. दातांची एक डॉक्टर होती. रोग्याच्या तोंडात काम करता करता तिचा हात बाहेर आला आणि हातातलं अवजार हवेत धरून राहिला. तिने दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद ठेवला.

मृणाल धावत आली. तिने रंगनाथचा लेख मोठा करून पडद्यावर लावला. "हे बघा, इथे चेंडूला फटका बसला. इथे संपायला पाहिजे. पण पुढे पाव सेकंद अजून आहे. बोटं उघडतात, कोपर बाहेर जातं, तळवा वर होतो. तुमचा हात बघताना हे दिसत नाही. आत मात्र आहे. हे काय आहे, काका?"

रंगनाथ पडद्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळलं नाही. शेजारी बसलेला हिरामण मात्र हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"बाई, ती माझी पाळी आहे."

मग त्याने तोंड वाकडं करत, अडखळत सांगितलं. कॅडी पोरं चार. क्लब एक, तोही साहेबाने मोडून फेकलेला, तार बांधून जोडलेला. सोमवारी मैदान बंद, तेवढाच दिवस त्यांचा. कोणी कितीदा मारायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून नियम केला: चेंडू जमिनीवर पडायच्या आत क्लब पुढच्याच्या हातात गेला पाहिजे. उशीर झाला तर मारणाऱ्याची पुढची पाळी गेली. चौघं गोल उभे राहायचे. रंगनाथच्या उजवीकडे हिरामण. सात वर्षं असे सोमवार गेले. बाकीच्या दोघांतला एक आता हयात नव्हता आणि एक सुरतेला गेला तो गेलाच.

"साहेबांसमोर खेळायला लागलो तेव्हा हात धरून ठेवायला शिकलो," रंगनाथ हळूच म्हणाला. "मला वाटलं, गेली सवय."

"गेली नाही," मृणाल म्हणाली. "तुम्ही वरून दाबून ठेवलीत. बाहीने खालची उचलली."

कंपनीने शेपटाचा तो पाव सेकंद कापून टाकायला सांगितलं. मृणालने कापला. नव्या लेखाने दहा जणांना शिकवून पाहिलं. क्लब कोणाच्याच हातून उडाला नाही, पण सोडही गेली. हात चेंडूपाशी येऊन आखडायचा आणि चेंडू उजवीकडे भरकटायचे. दोन आठवडे मृणाल त्यावर डोकं घालून बसली. मग एका संध्याकाळी झाडाखाली येऊन म्हणाली, "काका, तुमचा हात चेंडूकडे जातच नव्हता. तो पुढच्याला क्लब द्यायला जात होता. चेंडू फक्त वाटेत होता."

कंपनीला यात रस नव्हता. बंगळुरूच्या एका तरुण खेळाडूचा हात घ्यायचं ठरलं. रंगनाथचा लेख पुसायचा होता. ज्यांना तो शिकवला होता त्यांना उलटा लेख देऊन सवय काढून टाकायची होती. पक्की झाल्यापासून साठ दिवसांच्या आत काढली तर सवय निघते, नंतर ती मुरते आणि माणसाचीच होते. कित्येकांची आधीच मुरली होती. त्यांना कंपनीने पत्रं पाठवली.

रंगनाथला वाईट वाटलं नाही. वाटायला जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता. त्याने एकच मागणं मागितलं. "पुसायच्या आधी हिरामणला घाला."

"न कापलेला? तो देत राहील, काका. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"पडून राहण्यापेक्षा देऊ दे की."

मृणालला ते मनातून हवंच होतं. तिने पुण्याच्या एका इस्पितळाच्या समितीकडून एकाच रोग्यापुरती परवानगी मिळवली आणि डिसेंबरात हिरामणच्या पडलेल्या हातावर बाही चढवली.

एकोणिसाव्या दिवशी अंगठा हलला. एकतिसाव्या दिवशी हिरामणने अंगणात उभं राहून, हातभर काठी धरून, पूर्ण फटका मारला. कोपर बरगडीला, मनगट तसंच, आणि सुटला. हिरामण रडायला लागला. रंगनाथला बघवेना, तो उगाच पलीकडे जाऊन अंगणातली तुटकी बादली सरळ करत बसला. मृणालने काहीच केलं नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

बाही निघाली. हात उरला. आणि मग रोजचं सुरू झालं.

हिरामणने भाकरीचा तुकडा मोडला. हात वर आला, तोंडाच्या दिशेने निम्मा गेला, आणि उजवीकडे वळून तुकडा पुढे करून थांबला. त्याने परत आणला. हात परत गेला. पाण्याचं भांडं, कंगवा, विडीची काडी, जे हातात येईल ते उजवीकडे जायचं आणि तिथे कोणी घेईपर्यंत धरलेलं राहायचं. कोणी घेतलं की हात निवांत खाली यायचा. नाही घेतलं तर दोन-चार मिनिटांनी बोटं थरथरायला लागायची आणि वस्तू पडायची.

घरात दोनच माणसं होती. घ्यायचं ते चंद्रभागेने. आणि चंद्रभागा घेईना.

रंगनाथ हिरामणपेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. सख्खा नव्हता, पण लग्न होऊन आल्यापासून चंद्रभागेने त्याला थोरल्या दिराच्या जागी मानलं होतं. त्यांच्याकडे थोरल्या दिराच्या हातातून बाईने काही घ्यायचं नसतं. त्याने वस्तू खाली ठेवायची, मग हिने उचलायची. चाळीस वर्षं तसंच चाललं होतं. दवाखान्यात हिरामण बेशुद्ध असताना रंगनाथने औषधांची पिशवी आणली, तेव्हाही त्याने ती बाकावर ठेवली आणि तिने बाकावरून उचलली. नव्या पोरी हसायच्या. चंद्रभागेला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याला मान म्हणतात, असं तिचं म्हणणं.

"बाई, ह्या हाताला खाली ठेवायला शिकवा," ती मृणालला म्हणाली.

"ते लेखात नाही, मावशी. आहे तेवढंच त्याला येतं."

"मग हा यांचा हात नाही. भाऊजींचा आहे. मी कसा घेऊ?"

"अगं पण लावलाय मला!" हिरामण ओरडला. "माझ्या खांद्याला आहे. बघ, इथं तीळ आहे माझा."

"तीळ तुमचा. चाल तुमची नाही. मला काय दिसत नाही का? चाळीस वर्षं बघतेय, भाऊजी पिशवी कशी पुढं करतात ते. असाच तळवा, असंच कोपर."

ती त्याच्या डावीकडे बसायला लागली. हिरामण उजवा हात पुढे करून बसायचा, भांडं पडायचं, आणि ती फडकं घेऊन पुसायची. पुसताना रडायची, पण घ्यायची नाही. डाव्या हाताने तो आधीसारखाच जेवत होता. म्हणजे दोन वर्षांनी हात उठला आणि घरात एकाचीही सोय झाली नाही.

साठ दिवस मार्चच्या शेवटी संपणार होते. आदल्या आठवड्यात मृणाल उलटा लेख घेऊन आली. रंगनाथही आला, दर दहा पावलांनी थांबत. आता त्याला चालतानाही दम लागत होता. चौघं ओसरीवर बसली.

"हा दिला की सवय निघेल," मृणाल म्हणाली. "पण त्याबरोबर हातही परत पडेल. दुसरी कुठली सवय या हाताने धरलेली नाही. मी प्रयत्न केला. बंगळुरूचा लेख लावून पाहिला, कंपनीच्याच दुसऱ्या एकाचा लावून पाहिला. काही हललं नाही. हा एकच लेख त्याच्या मेंदूने ओळखला. का ते मला नीट सांगता येत नाही."

"मी सांगतो," हिरामण म्हणाला. "माझ्या हाताला पण तेच येत होतं. मी घ्यायचो आणि पुढच्याला द्यायचो. शिकवला कोणी? ह्यानंच."

रंगनाथ म्हणाला, "हिऱ्या, माझ्यासाठी ठेवू नकोस. मला वाटलं होतं तुला घास खाता येईल. तो अर्धा तास... मी थट्टा करत बसलो. म्हणून केलं हे सगळं. तुझ्या घरात त्रास होत असेल तर काढून टाक."

"तो अर्धा तास मी पण हसत होतो. गप."

हिरामण आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "एक मेलेला आहे, तो माझा," तो म्हणाला. "एक जिता आहे, तो ह्याचा. आता ह्यातून मी काय निवडू? जिता ठेवावा वाटतो. पण घर हिचं पण आहे. हिनं सांगावं."

त्याने हे बायकोवर टाकलं आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. चंद्रभागा उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज आला. ती चहा घेऊन आली, सगळ्यांसमोर कप ठेवले. रंगनाथचा कप तिने नेहमीसारखा फरशीवर ठेवून त्याच्याकडे सरकवला. हिरामणचा कप तिने त्याच्या उजव्या हातात दिला. मग ती उभी राहिली, वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली, आणि पदर डोक्यावर घेऊन बसली.

हात उठला. निम्मा तोंडाकडे गेला आणि तिच्याकडे वळला. कप भरलेला होता, वाफ निघत होती. चंद्रभागेने रंगनाथकडे पाहिलं नाही. हिरामणकडेही पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. कप थरथरायला लागला, चहा काठावरून सांडून त्याच्या बोटांवर आला. चटका त्याला लागत होता, पण तो हलला नाही.

"घेतलं बाई," ती म्हणाली आणि तिने कप धरला. मग बशीत ओतून, फुंकर मारून, तिने तो चहा हिरामणच्या तोंडाला लावला. रंगनाथ मान खाली घालून बसला होता. मृणालने उलटा लेख पिशवीत परत ठेवला.

पुढच्या दीड वर्षात त्या घराने आपली रीत बसवली. धुणं वाळत घालताना हिरामण बादलीतून कपडा काढून द्यायचा, चंद्रभागा दोरीवर टाकायची. भाजी निवडताना तो जुडी द्यायचा. चुकून उजवीकडे परका माणूस बसला तर त्याच्या हातात काय येईल याचा नेम नसे, आणि त्यावर हिरामण स्वतःच जास्त हसायचा. चंद्रभागा मात्र प्रत्येक वेळी घ्यायच्या आधी क्षणभर थांबायची. तो क्षण शेवटपर्यंत गेला नाही.

मृणालने कंपनी सोडली. लकव्याच्या रोग्यांसाठी तिला हातांचे लेख हवे होते, पण कसले हात, हे तिला आता पहिल्यासारखं ठरवता येत नव्हतं. कुठल्याही हातात आत काय दडलेलं असेल, हे आधी कळायला मार्ग नाही.

२०४३ च्या दिवाळीआधी रंगनाथला दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसं आकसत गेली होती, उपाय नव्हता. त्याच्याने हात उचलवत नव्हता. शेवंता सिन्नरहून येऊन राहिली. हिरामण रोज सकाळी रिक्षाने यायचा आणि खाटेच्या अशा बाजूला बसायचा की रंगनाथ त्याच्या उजवीकडे येईल. मग चमच्याने पेज भरायची. हात निम्मा हिरामणच्या तोंडाकडे जायचा, वळायचा, आणि बरोबर रंगनाथच्या ओठांशी येऊन थांबायचा. सांडायचं नाही. नर्सपेक्षा चांगलं भरवतात, असं तिथले लोक म्हणायचे.

"माझा हात तर पडून आहे रे," रंगनाथ एकदा पुटपुटला.

"माझ्याकडं आहे की. घे, तोंड उघड."

रंगनाथने पेज गिळली. मग म्हणाला, "कोपर जवळ ठेव. फेकतोस."

"मरायला टेकलास तरी शिकवणं सुटत नाही."

मृणाल भेटायला आली होती. खोलीच्या दारात चंद्रभागा उभी होती, आत चाललेलं बघत. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. माणूस गेला की त्याचं सगळं थांबतं, मग आपण सुतक धरतो. भाऊजी गेल्यावर उद्या सकाळी हा हात माझ्यापुढं येईल. तेव्हा तो कोण देत असेल?"

आत हिरामण पुढचा चमचा भरत होता.

रंगनाथ लोंढे शुक्रवारी, ६ नोव्हेंबर २०४३ रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास वारले. त्यांचं वय अडुसष्ट होतं.